कुलूप न घालता येणारं वाण

माझा धाकटा दीर अजून जिवंत आहे आणि त्याची तब्येत चांगली आहे. म्हातारपणी माणसानं जुनं विसरावं, मन मोकळं करावं, असं मला भेटायला येणाऱ्या बायका सांगतात. मी त्यांना चहा देते. मला काही विसरायचं नाही. त्यानं माझं काय केलं आणि मी त्याचं काय केलं, दोन्ही मला लख्ख आठवतं, आणि दुसरं आठवताना अजून बरं वाटतं.

माझं माहेर हुपरीचं. तिथं घराघरात चांदीचे पैंजण होतात. पोरींना अक्षर यायच्या आधी घुंगरू ओवता येतं. मी चौथीपर्यंत शिकले आणि कामाला बसले. लग्न होऊन कोल्हापुरात आले तर सासरीही पैंजणांचाच धंदा, पण ही माणसं माल आणून विकणारी होती, करणारी नव्हती. नवी नक्षी काढायचं काम माझ्याकडं आलं. कुणी दिलं नाही. मी एक काढली, ती खपली, मग सगळ्यांना माझ्याकडचीच पाहिजे झाली.

नवी नक्षी सुचली की मी चांदीत तिचा बोटभर नमुना करायचे. तो हुपरीला जायचा, त्यावरून साचा व्हायचा आणि घराघरात माल पडायचा. नमुना परत आला की मी तो एका जाड तारेत ओवून ठेवायचे. ती तार स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. फोडणीच्या धुरानं तुकडे काळे पडायचे. दिवाळीत मी ते रिठ्याच्या पाण्यात घासायचे आणि घासता घासता जुन्यातनं नवं सुचायचं. माझं डोकं त्या खिळ्याला टांगलेलं होतं म्हणा.

प्रत्येक नक्षीत मी एक कळी उलटी ठेवायचे. ही आईची शिकवण. तान्ह्या बाळाच्या गालाला तीट लावतात, तशी ती पैंजणाची तीट. दृष्टबिष्ट मी मानत नाही, पण हाताला ती सवय लागली होती. हुपरीत माझा माल त्या कळीवरून ओळखायचे.

नव्वदच्या सुमाराला नवरा गेला. दुकान आधीपासून दीरच बघायचा, तो आता मालकासारखा बघायला लागला. शतक संपत आलं तेव्हा त्यानं काँप्युटर आणला. नारळ फोडला, पडद्याला कुंकू लावलं, त्याला हार घातला. पुण्याहून एक माणूस बोलावला. त्या माणसानं माझी तार समोर ठेवून एकेक नक्षी काँप्युटरात काढली.

"वैनी, आता काळजी मिटली. आग लागू दे, चोर येऊ दे, तुमच्या नक्ष्यास्नी काय हुईत न्हाय," दीर म्हणाला.

पण त्या नक्ष्या उघडायच्या तर काँप्युटरच्या मागं काडेपेटीएवढी एक डबी बसवावी लागायची. तो प्रोग्रॅम विकणाऱ्यांनी घातलेलं ते कुलूप होतं. डबी नसली की पडद्यावर काहीच यायचं नाही. दीर ती डबी करदोड्याला बांधून हिंडायचा.

"आणि मला बघायच्या झाल्या तर?" मी विचारलं.

"मला हाक मारा की. मी काय परका हाय?"

चैत्रात मी जोतिबाला गेले. परत आले तर स्वयंपाकघरात नुसता खिळा होता.

"भावजी, तार कुठाय?"

"आटवली."

"कुणाला विचारून?"

"आता वैनी, काँप्युटरात गेल्यात की सगळ्या! उगं लोंबत व्हतं ते. चांदी अशी टांगून ठेवायची असती व्हय?"

हे सांगताना तो हसत होता. खोटं नव्हे, मनापासून. त्या हसण्याची परतफेड करायची, हे मी तिथंच ठरवलं. हातात गुलालाचा पुडा होता. पण देवाला काही सांगितलं नाही. देव मध्ये पडला असता.

पुढं वाटणी झाली. दुकान त्याच्याकडं गेलं, राहतं घर मला आणि माझ्या मुलाला आलं. त्यानं तोवर नवा काँप्युटर घेतला होता. जुन्यातलं सगळं पुसून तो आमच्या दारात आणून ठेवला. "वैनीस्नी लागंल खेळायला," असं म्हणाला. डबी अर्थातच करदोड्यालाच राहिली.

मी म्हटलं, राहू दे. डोकं शाबूत आहे, नव्या नक्ष्या करू. आठवत होत्या तेवढ्या जुन्याही करायला घेतल्या. नमुना हुपरीला पाठवला तर तो तसाच परत आला. दिरानं आधीच तिथं जाऊन सांगून ठेवलं होतं की सगळ्या नक्ष्यांची त्याच्या नावानं नोंदणी झाली आहे आणि त्याला सोडून कुणी त्या केल्या तर कोर्टात खेचणार. नोंदणीचा कागद कुणी बघितला नव्हता. पण कोर्टाचं नाव काढलं की माणसं कागद बघत नाहीत. माझा चुलतभाऊ नमुना माझ्या हातात देत म्हणाला, "आक्का, आमाला भांडण नगो बाई." हे माझं माहेर. ज्या नक्ष्यांवर त्यांची घरं चालली, त्या करायला मलाच बंदी.

मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे." तो बापासारखा आहे. त्याला सगळं जाऊ द्यायला येतं.

सून तशी नव्हती. ती इचलकरंजीची. मागाच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळं साधं मीठ मागितलं तरी भांडल्यासारखं वाटायचं. इथल्या एका कॉलेजात ती काँप्युटर शिकवायची. दारात पडलेला तो डबा तिनं पुसला, जोडला, आणि कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी त्यात घातली. बऱ्याच वेळानं पडद्यावर एक जाडा, पांढऱ्या पोटाचा पक्षी आला.

"हे काय गं?"

"लिनक्स म्हणतात ह्याला, आत्ती. ह्याच्यात चित्रं काढायचा प्रोग्रॅम पण हाय."

"डबी?"

"डबीबिबी काय न्हाई. फुकट हाय."

"फुकट कोण देतंय?"

"जगभरातली माणसं मिळून करत्यात."

"का? त्यास्नी कामधंदं न्हाईत?"

सून हसली. मग तिनं मला त्याची अट सांगितली. मी ती पुन्हा सांगायला लावली. कुणीही घ्यावं. आत काय आहे ते उघडून बघावं. पाहिजे तसं बदलावं. दुसऱ्याला द्यावं. पण देताना ह्याच अटीवर द्यावं. ह्यातनं घेतलं आणि त्याला कुलूप घालून बसलं, हे चालत नाही.

हे ज्यांनी केलं ते फार भले लोक, असं सून म्हणायची. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. ही अट भलेपणातनं सुचत नाही. ज्याची तार कुणीतरी आटवली आहे, त्यालाच ती सुचते.

मी सुनेला म्हटलं, "पोरी, ही अट पैंजणाला लावता येती का?"

तिनं थोडा विचार केला. "का न्हाई? नक्ष्या तुमच्या हायत. तुमी लावलीसा तर लागली."

पण नक्ष्या होत्या कुठं? डोक्यात निम्म्या होत्या, त्याही अर्धवट. बाकीच्या आटल्या होत्या. आणि मग एका लग्नात पंगतीला बसले असताना समोरनं वाढणारी बाई गेली आणि माझी नजर तिच्या पायांवर गेली. मी केव्हा केली होती ती नक्षी, मला आठवतही नव्हतं. ती तिच्या पायात वाजत होती. सगळ्या जिल्ह्यातल्या बायकांच्या पायांत माझं काम पसरलेलं होतं आणि मी खिळ्याकडं बघत रडत बसले होते.

तेव्हापासून मी खाली बघत चालायला लागले. महाद्वार रोडला, रंकाळ्यावर, जोतिबाच्या पायऱ्यांवर. लोकांना वाटलं, म्हातारी खचली. एकदा एसटी स्टँडवर एका पोरीनं मला हटकलं.

"ओ मावशी, पायाकडं काय बघताय कवाधरनं?"

"तुझ्या पायात माझं काम हाय."

"तुमचं? आईनं दिल्यात हे मला!"

"आईनं दिल्यात, पण केल्यात मी. नीट बघ, एक कळी उलटी असंल."

तिनं पाय बाकावर घेतला आणि कळ्या चाचपल्या. उलटी सापडली तशी मोठ्यानं ओरडली, "अगं बाई! मी इतकी वर्सं ह्यो पैंजण बिघडलाय म्हणून आईला बोल लावतोय की!" मग तिनं तो काढून दिला, पत्ता सांगितला आणि म्हणाली, "पर परत आणून द्या हं, न्हाय तर आई मला उलटी टांगंल." दिला परत. प्रत्येकीचा दिला.

आणलेला पैंजण सून स्कॅनरच्या काचेवर ठेवायची. पडद्यावर त्याचं चित्र यायचं आणि त्याच्यावरनं मी माऊसनं रेघ ओढायचे. पहिले काही आठवडे रेघ म्हशीसारखी कुठंही जायची. मी माऊस आपटला की सून आतनं ओरडायची, "आत्ती, हातोडी न्हवं ती!" हळूहळू हात बसला. जी नक्षी चांदीत करायला मला दिवस लागायचे, ती पडद्यावर करताना चुकली तर मागं जाता यायचं. चांदीत मागं जाता येत नाही. एवढी गोष्ट मला काँप्युटरची आवडली.

काही पैंजण दिराच्या नव्या मालातले निघाले. ते बघून मला आधी कळेना की काय बिघडलंय. मग दिसलं. सगळ्या कळ्या सरळ होत्या. पुण्याच्या माणसाला उलटी कळी चूक वाटली असणार. त्यानं सगळ्या नक्ष्यांत ती सुधारून ठेवली होती, आणि माझ्या दिराला, पैंजणांच्या घरात जन्मून, त्यातलं काही दिसलं नव्हतं. तो हिशेबाला बसायचा, मालाकडं बघायचा नाही.

आमच्या घरी काहीतरी चाललंय, हे त्याच्या कानावर गेलंच. एके दुपारी एक माणूस आला. "काकांनी पाठवलंय. काँप्युटर सर्व्हिस करून देतो."

"करा की," मी म्हटलं.

त्यानं बटण दाबलं. पक्षी आला. मग पासवर्डची चौकट आली. तो पासवर्ड सुनेनं मलाच ठरवायला लावला होता आणि तिलाही सांगायचा नाही असं बजावलं होतं. मी दिराच्या नावाला एक शिवी जोडली होती. कुठली ते सांगणार नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की मी आधी ती टाइप करायचे आणि देवाचं नाव नंतर घ्यायचे.

"काकी, पासवर्ड काय हाय?"

"तुमच्या काकास्नी विचारा. त्यांचंच नाव हाय त्यात."

त्यानं खरंच दिराचं नाव घालून बघितलं. उघडलं नाही. "हे काय भलतंच घातलंय? आमचं काय चालत न्हाय ह्यात," असं म्हणाला.

"मग चहा घ्या आणि जावा."

नक्ष्या पुऱ्या झाल्या तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना काहीतरी वस्तू वाण म्हणून देतात. कुणी डबी, कुणी चाळणी, कुणी प्लॅस्टिकचा टप. मी सुनेला म्हटलं, आपण ह्या वर्षी नक्ष्या द्यायच्या. सीडीत नक्ष्या आणि त्या काढायचा प्रोग्रॅम, सोबत कागदावर छापलेल्या त्याच नक्ष्या, आणि कागदाच्या वर मोठ्या अक्षरात अट. हुपरीत साचे कापणाऱ्याकडं तेव्हा काँप्युटर आलाच होता. त्याच्या हातात सीडी दिली की काम झालं.

सून अट लिहायला बसली. "कुणीही घ्यावं," तिनं लिहिलं.

"थांब. दिराला सोडून, असं लिही."

"तसं न्हाई लिहिता येत."

"का न्हाई? नक्ष्या माझ्या."

"एकाला जरी वगळलं तरी तुमी पण कुलूपच घातलं, आत्ती. मग त्यांच्यात आणि तुमच्यात काय फरक?"

ह्यावर मी तिच्याशी बोलणं टाकलं. मुलगा आमच्यामधनं निरोप न्यायचा. फरक काय म्हणे! मी कुणाचं आटवलं नव्हतं. पण रोज सकाळी काँप्युटर उघडला की ती अट समोर यायची आणि तिच्यात कुठं फट दिसायची नाही. शेवटी मी मुलाकडं निरोप दिला, "तिला म्हणावं, लिही तुझ्या मनासारखं." मला वाटलं, तो कशाला येतोय मागायला!

हळदीकुंकवाला हुपरीहून बायका आल्या. एक टेम्पो भरून आल्या. हळदीकुंकू सुनेनं लावलं, वाण मी दिलं. विधवेनं वाण द्यायचं नसतं म्हणून काहीजणी कुजबुजल्या, पण सीडी पदराखाली त्यांनीही घातली.

"ह्याचं काय करायचं गं आक्का?" चुलतभावाच्या बायकोनं विचारलं.

"करा आणि विका. दुसरीनं मागितलं तर तिला द्या. ह्यात नवं काय केलंसा तर ते पण सगळ्यास्नी दाखवायचं. कुलूप घालायचं न्हाई. एवढंच."

"आणि कोर्ट?"

"माझं हाय, मी दिलंय. माझ्या नावानं खेचा म्हणावं."

त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. आधी हुपरीत प्रत्येक घर घाबरत होतं, कारण त्या एकट्याचं नाव पुढं आलं असतं. आता सगळ्याच घरात एकच सीडी होती. एकीनं दुसरीला दिली, दुसरीनं तिसरीला उतरवून दिली. दीर धमकी द्यायला गेला तर कुठल्या दारात उभं राहायचं हेच त्याला कळेना. एक दुकान असतं तर त्यानं ते बंद पाडलं असतं. इथं दुकानच नव्हतं, नुसती घरं होती, आणि घरातल्या बायका म्हणायच्या, "आमाला वाणात आलंय, भावजी. वाण परत करायचं नसतंय."

गिऱ्हाइकं उलट्या कळीचं मागायला लागली. ती मी पेरलेली बातमी होती, हे कबूल करते आणि त्याची मला लाज नाही. भेटेल त्या बाईला मी सांगायचे की सरळ कळीच्या पैंजणाला तीट नसते. खोटं नव्हतं ते.

त्या वर्षी दीर एकदाच घरी आला. बसला नाही.

"वैनी, काय खुळ्यागत केलंसा हे? फुकट वाटलंसा? आता तुमचंबी काय राहिलं?"

"काय न्हाय राहिलं."

"मग मिळवलंसा काय?"

"तुमच्याकडंबी काय न्हाय राहिलं, ते."

तो गेला. सून म्हणाली, "आत्ती, असं तोंडावर बोलायचं असतं व्हय?" पण मला भात वाढताना ती हसत होती.

खरं सांगायचं तर त्यात माझंही गेलं. कुठली नक्षी माझी आणि कुठली हुपरीतल्या कुणी पुढं नेलेली, हे पुढं मलाही सांगता येईना. सीडी फिरून परत यायची तेव्हा तिच्यात मी न काढलेली पानं-फुलं असायची, काही माझ्यापेक्षा बरी. मला त्याचा आनंद झाला असं मी लिहिणार नाही. पण त्यातल्या प्रत्येकीनं एक कळी उलटी ठेवली होती.

पुढच्या वर्षी दिरालाही उलटी कळी पाहिजे झाली. त्यासाठी त्याला त्याच्या नक्ष्या उघडून कळी फिरवायची होती. करदोड्याला बांधलेली डबी इतकी वर्षं घाम खाऊन बिघडली होती. नवी मागवायला गेला तर पुण्याच्या त्या लोकांनी धंदाच बंद केलेला. माझ्या सगळ्या नक्ष्या त्याच्या काँप्युटरात होत्या आणि त्याला दिसत नव्हत्या. हे मला कळलं त्या दिवशी मी पुरणपोळी केली. सण नव्हता.

संक्रांतीला हळदीकुंकू चाललं होतं आणि तो दारात आला. बायको माहेरी गेली होती; तिला पाठवायची सोय नव्हती, आणि हुपरीत धमक्या देऊन झाल्यावर तिथं मागायला तोंड नव्हतं. घर बायकांनी भरलेलं.  तो चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"वैनी, ते... सीडी देतासा व्हय एक?"

मी सुनेकडं बघितलं. कागदावरची अट तिच्या हातातच होती. 'कुणीही घ्यावं.' मला नाही म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत मला कुठलीच गोष्ट इतकी करावीशी वाटली नव्हती. एक शब्द म्हणायचा होता फक्त. पण तो म्हटला असता तर टेम्पो भरून आलेल्या बायकांसमोर कुलूप मी घातलं असतं, आणि ते त्यानं जन्मभर सांगितलं असतं.

"आत या," मी म्हटलं. "वाण दारातनं देत न्हाईत."

तो आत आला. बायकांच्या मधे उभा राहिला. मी म्हटलं, "अट वाचा. मोठ्यानं. सगळ्यास्नी वाचायला लावतोय आमी." हे खोटं होतं, कुणालाच लावत नव्हतो. त्यानं वाचली. शेवटच्या ओळीला अडखळला. 'ह्याला कुलूप घालणार नाही.' मागनं कुणीतरी म्हणालं, "ऐकू आलं न्हाय, भावजी." त्यानं ती पुन्हा वाचली.

मी त्याच्या हातात सीडी दिली आणि तिळगूळ दिला. गोड बोला म्हटलं नाही.

नंतर सून म्हणाली, "आत्ती, शेवटी मोठ्या मनानं दिलंसा."

"मनानं न्हाई दिलं," मी म्हटलं. "अटीनं दिलं. अटीत मनाचं काय लिहिलंय?"

तो आता चांगला चालतो, दुकानही चालतं, हुपरीतल्या नव्या नक्ष्या बाकीच्यांसारख्या त्यालाही मिळतात आणि त्याच्या नव्या त्यालाही सगळ्यांना दाखवाव्या लागतात. सून म्हणते, काँप्युटरचा पासवर्ड अधनंमधनं बदलत जावा, सुरक्षित राहतं.

काँप्युटर दोनदा बदलला. पासवर्ड तोच आहे.